रोटाची मूठ कुणाच्या नावाची?

श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी खान्देशात घरोघरी कानबाई ही देवी बसते. त्या दोन दिवसांत हिंदू धर्म म्हणजे काय हे जेवढं कळतं, तेवढं टीव्हीवरच्या चर्चा वर्षभर ऐकूनही कळत नाही, असं माझं मत आहे. इथे फेसबुकवर दोनच प्रकारच्या पोस्टी फिरतात. एक, धर्म धोक्यात आहे, जागे व्हा. दुसरी, सगळं थोतांड आहे, सोडून द्या. दोन्हीकडच्या मंडळींनी रोटाचं, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याचं, दळण कधी निवडलेलं नसावं असा मला दाट संशय आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कानबाईची मूर्ती नसते. नारळालाच डोळे, नथ, कुंकू करून तिला सजवून बसवतात. रोटासाठी गहू आणि हरभऱ्याची डाळ घेतात, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. पूर्वी हे दळण घरच्या जात्यावर व्हायचं. आता चक्कीवर जातं, पण आमचा चक्कीवाला त्या दिवसांत चक्की धुऊन-पुसून ठेवतो आणि रोटाचं दळण आधी घेतो. त्याला कुणी नोटीस काढून सांगितलेलं नाही. मग पुरणपोळी, खीर, कटाची आमटी, गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी. रात्रभर गाणी, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर विसर्जन, वाटेत बायकांच्या फुगड्या. यात भटजी लागत नाही, पोथी लागत नाही. विधी सगळा घरातल्या मोठ्या बाईच्या डोक्यात असतो, आणि तिथे चूक काढायची हिंमत सरपंचालाही होत नाही.

रोट खायचा तो भाऊबंदांनीच. हा नियम मला लहानपणी कद्रूपणाचा वाटायचा. पण त्याच नियमापायी सुरत-उधन्याला गेलेली आमची अर्धी भाऊबंदकी तापी लाइनच्या गाडीत उभ्याने प्रवास करून गावी येते. आमच्यातल्या दोन घरांचा बांधावरून कोर्टात दावा चालू आहे. वर्षभर एकमेकांच्या दारावरून मान फिरवून जातात. कानबाईच्या दिवशी मात्र एकाच्या परातीतलं पुरण दुसऱ्याची बायको वाटते. दावा मिटलेला नाही, मिटेल असंही दिसत नाही. तरी वर्षातून एकदा एका पंगतीला बसावं लागतं, आणि ते कुठल्या वकिलाला किंवा पुढाऱ्याला आजवर जमलेलं नाही. धर्माचा समाजावर परिणाम काय, असं कुणी विचारलं तर मी आधी ही पंगत दाखवीन.

आता खटकतं ते.

मला दोन मुली. मुलगा नाही. म्हणजे आमच्या चूलखंडात रोटाची मूठ एकाच नावाची, माझ्या. दळण निवडणार बायको, पहाटे न्हाऊन ओल्या केसांनी चुलीपुढे बसणार बायको, नारळाला नथ घालणार थोरली, दारात रांगोळी काढणार धाकटी. आणि मूठ कुणाची, तर ज्याने फक्त गंगाफळ चिरून दिलं त्याची. गेल्या कानबाईला थोरलीने सुपातल्या गव्हाकडे बघत विचारलं, "पप्पा, यात माझे कुठले?" ती रागावून बोलली नव्हती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

मी काकांकडे विषय काढला. काका चिडले नाहीत, हे सांगायला हवं, कारण अशा पोस्टींत म्हाताऱ्यांना उगाच खलनायक करतात. ते म्हणाले, हा मोठेपणाचा हिशेब नाही, कुळाचा आहे. पोर उद्या दुसऱ्या कुळात जाईल, तिथल्या रोटात तिचा वाटा. बोलणं तर्काला धरून होतं. पण मग मी त्यांना माझ्या बायकोचं विचारलं. ती माहेरच्या कुळातून आमच्या कुळात आली. माहेरी तिची मूठ नव्हती, कारण ती जाणार होती. इथे नाही, कारण मूठ पुरुषांची. लग्न झालेल्या मुलीला आमच्याकडे रोट चालत नाही, म्हणजे माहेरचा रोटही तुटला. अशी ती नेमकी कुठल्या कुळाच्या हिशेबात धरायची? काका बराच वेळ अडकित्त्याने सुपारी कातरत बसले. मोठी माय तेवढी मध्ये बोलली, "तुन्ही बायकोनं घर आते आठे शे, बस." घर इथे आहे हे खरंच. प्रश्न मुठीचा होता.

याच धर्मात, याच गावात, आखाजी लेकींची असते. अक्षय्य तृतीयेला सासरहून पोरी येतात, लिंबाच्या फांदीला झोके बांधतात, गौराई बसवतात, उन्हाळ्याच्या भर दुपारी सासूच्या नावाने गाणी म्हणतात आणि कुणी त्यांना गप्प करत नाही. त्याच दिवशी पितरांची घागर भरली जाते आणि सालदाराचं सालही तिथूनच धरलं जायचं. एका सणात लेक, पितर आणि शेतमजूर तिघांची सोय! मग त्याच लोकांना श्रावणात लेकीचा विसर पडावा, हे देवाचं काम वाटत नाही. मोजणी माणसांनी लावलेली आहे.

आणि आपण पूजतो कुणाला? मुक्ताईनगरहून आषाढीला जी पालखी निघते ती मुक्ताईची. महिन्याहून अधिक चालत हजारो पुरुष तिच्या मागे टाळ वाजवत पंढरपूरला जातात. मुक्ताईने लग्न केलं नाही, तिला सासर नाही, आणि आईबाप गेल्यावर माहेर म्हणजे वाळीत टाकलेली तीन भावंडं. दार लावून बसलेल्या ज्ञानेश्वरांना ताटी उघडायला लावली ती हिने. योगाच्या बळावर चौदाशे वर्षं जगला म्हणतात तो चांगदेव तिचा शिष्य झाला, त्याचं देऊळ तापी-पूर्णेच्या संगमावर उभं आहे. १२९७ साली वीज कडाडली आणि ती अंतर्धान पावली, असं सांगतात. आमच्या नियमाप्रमाणे मुक्ताईच्या नावाची सव्वा मूठ कुठल्याच घरात निघाली नसती.

"परंपरा बदलायची नसते" असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्यांकडे जरा बघावं. अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात दहा दिवस उपोषण केलं, तेव्हा अस्पृश्य मानलेल्यांना विठ्ठलाचं दार उघडलं. गुरुजी देव सोडून गेले नव्हते. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा गीतेवर बोलत होते, तेव्हा ते उतरून घेणारे हेच होते. जळगावचा रामाचा रथ १८७२ पासून कार्तिकी एकादशीला निघतो आणि वाटेत लालशा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबतो. तो पहिल्यांदा थांबला तेव्हा तेही कुणाला तरी नवीनच वाटलं असेल.

डीजे लावून, स्पीकरच्या भिंती उभ्या करून जी सार्वजनिक कानबाई हल्ली चालते तिच्याबद्दल वेगळं लिहीन. एवढंच, की त्या आवाजात फुगडीची गाणी मेली. त्या "नव्या" गोष्टीला मात्र परंपरेवाल्यांची हरकत दिसली नाही.

येत्या कानबाईला आमच्या सुपात चार मुठी पडणार आहेत. मी घरात सांगून टाकलंय. बायको म्हणाली, पडू देत, पण दळण या वेळी तुम्ही निवडा. काका येतो म्हणालेत. रोट खातील की नाही, विचारलेलं नाही. लग्न झालेल्या माझ्या बहिणीचं काय करायचं, यावर घरात अजून एकमत नाही, आणि तिने स्वतःच "मला त्यात ओढू नको, सासूला कळलं तर माझं जिणं हराम होईल" असा फोन केलाय.

शिरपूर, शहादा, पारोळा, चोपडा, रावेरकडचे कुणी हे वाचत असतील तर जरूर लिहा. तुमच्याकडे मूठ कशी काढतात? मुलींची काढणारं एखादं घर आहे का? असेल तर पहिल्या वर्षी भाऊबंद काय म्हणाले तेही सांगा, मला तयारीला बरं पडेल.