नेट गेलंय? मग वायर सोडून सगळं तपासा

रात्रीचे साडेनऊ, सकाळी नऊला मिटिंग, आणि लॅपटॉपच्या खालच्या कोपऱ्यात पृथ्वीच्या गोळ्यावर ती बारकी फुली. आता काय करायचं हे मी डोंबिवलीत राहून, लोकल केबलवाल्याचं नेट वापरून, स्वतःच्या हाताने सगळे घोळ घालून शिकलोय, तेव्हा फुकटात सांगतो. सगळ्यात आधी मोठ्याने म्हणा, "यांचं नेट म्हणजे ना!" हे पुढच्या खोलीपर्यंत ऐकू गेलं पाहिजे. म्हणजे दोष आपल्या घरात नाही हे घरच्यांसमोर एकदाचं ठरून जातं आणि मग पुढे काहीही सापडलं तरी आपण सेफ.

दुसरं म्हणजे राउटरच्या लाईटकडे अजिबात बघायचं नाही. तो बिचारा चोवीस तास लुकलुकत काहीतरी सांगत असतो, पण आपण त्याला टीव्हीच्या मागे, सेटटॉप बॉक्सच्या खाली, जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याला टेकवून ठेवलेला असतो ते उगाच नाही. बघितलं तर पंचाईत होते. म्हणजे समजा वॅनचा लाईटच विझलेला दिसला तर वरून येणारी वायर मेली किंवा निघाली, आणि वॅनचा लाईट आहे पण तुमच्या कॉम्प्युटरची वायर जिथे खोचलीय त्या लॅनचा नाही, तर गडबड राउटर ते टेबल एवढ्याच पट्ट्यात. म्हणजे दोन सेकंदात अर्धा निकाल. मग उरलेली रात्र करायचं काय? (फायबरवाल्यांनी तर तो एलओएस नावाचा लाल दिवा बिलकुल बघू नये, तो लाल झाला म्हणजे काचेच्या तारेतून उजेडच पोचत नाहीये, आणि मग राउटर कितीही वेळा बंदचालू केला तरी उजेड काय पडायचा नाही.)

वायरचा प्लग दाबूनही बघू नका. नीट बसला की टक्क असा बारीक आवाज येतो, तो त्या प्लास्टिकच्या इवल्याशा जिभेचा. आपल्याकडे ही जीभ पहिल्या महिन्यातच तुटते, कारण वायर काढताना जीभ न दाबता बैलाचा कासरा ओढावा तशी ओढायची पद्धत आहे. जीभ तुटलेला प्लग आत जातो, लाईटही लागतो, आणि कुणी खुर्ची सरकवली की अर्धा मिलिमीटर बाहेर येतो. माझ्याकडे त्यावर लग्नपत्रिकेचा तुकडा दुमडून पाचर मारलेली होती, जाड पत्रिका होती, दोन वर्षं टिकली. नवीन प्लग पाच-दहा रुपयाला मिळतो हे माहीत होतं, पण चालतंय ना मग कशाला.

आता रिस्टार्ट. हे मात्र श्रद्धेने करा. बंद करायचं, दहापर्यंत मोजायचं, चालू करायचं, आणि नाही आलं तर परत तेच, फक्त या वेळी वीसपर्यंत मोजायचं. रिस्टार्टचा खरा त्रास हा की तो कधीकधी लागू पडतो. राउटर अडकलेला असतो, सुटतो. किंवा राउटर उचलताना तुमचा धक्का लागून सैल प्लग नीट बसतो आणि श्रेय रिस्टार्टला जातं. मग पुढच्या वेळी आपण आठ वेळा करतो.

तोवर कस्टमर केअरला फोन लागतो. तिकडची मुलगी विचारते, "सर, राउटरवर कुठले लाईट दिसतायत?" तेव्हा आपण म्हणायचं, "सगळे." ती म्हणते आमच्याकडून सिग्नल ओके दाखवतोय, आपण म्हणायचं मग मी काय खोटं बोलतोय का, आणि तक्रार नंबर घेऊन फोन ठेवायचा. चोवीस ते अठ्ठेचाळीस तास. मिटिंग अकरा तासांवर.

घरात एखादा भाचा असतो ज्याला "कॉम्प्युटरमधलं कळतं". तो आला की काळी खिडकी उघडून आयपीकॉन्फिग टाईप करणार. तिथे १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसला तर टाळ्या वाजवा, आयपी मिळाला! खरं म्हणजे तो कुणी दिलेला नसतो. कॉम्प्युटरने राउटरला हाका मारल्या, बाबा मला एक पत्ता दे, कुणी ओ दिली नाही, मग त्याने स्वतःच स्वतःला एक पत्ता चिकटवून घेतला. म्हणजे वायर, नाहीतर पोर्ट, नाहीतर राउटरचं पत्ते वाटायचं खातं, तिघांपैकी कुणीतरी झोपलंय. पण इतकं खोलात कोण जातो. भाच्याला सांगा १२७.०.०.१ ला पिंग मारून बघ, म्हणजे हाक मारून उत्तर येतंय का बघ. ते हमखास चालतं, वायर काढून कपाटात ठेवली तरी चालतं, कारण तो कॉम्प्युटरचा स्वतःचाच पत्ता आहे, आरशात बघून नमस्कार केला की उत्तर येणारच. चार ओळी रिप्लायच्या आल्या की म्हणायचं "आपल्याकडून सगळं व्यवस्थित आहे, तिकडचाच प्रॉब्लेम". आधी राउटरला पिंग, मग ८.८.८.८ ला (हा बाहेरचा, गुगलचा पत्ता), मग एखाद्या साईटच्या नावाला, असं पायरी पायरीने गेलं तर गाडं कुठे अडलंय ते कळतं, आकड्याला उत्तर येतंय आणि नावाला येत नाहीये तर फक्त डीएनएसची, म्हणजे नावावरून आकडा शोधून देणाऱ्या खात्याची भानगड, हे सगळं खरं आहे, पण असं केलं तर पाच मिनिटांत संपेल आणि भाच्याला चहा कुठल्या तोंडाने देणार.

आणि हो, वायर तपासताना वायफाय चालूच ठेवा. म्हणजे वायर मेलेली असली तरी नेट चालणार आणि तुम्ही म्हणणार झालं की सुरू.

राउटरच्या आत शिरायचं असेल तर तो वेगळा अध्याय. पत्ता १९२.१६८.१.१. किंवा १९२.१६८.०.१. किंवा तिसराच काहीतरी, कंपनीगणिक बदलतो, आणि खरा कुठला ते त्याच काळ्या खिडकीत डिफॉल्ट गेटवे म्हणून लिहिलेलं असतं म्हणूनच तिथे बघायचं नाही, अंदाजाने मारायचं. पत्ता वरच्या पट्टीत टाकायच्या ऐवजी गुगलच्या चौकोनात टाका, म्हणजे तुमच्याच घरातल्या डब्याबद्दल जगातल्या शेकडो साईट तुम्हाला माहिती देतील आणि डबा सोडून सगळं उघडेल. एकच्या जागी इंग्रजी एल टाकला तर अजून छान. मोबाईलवरून उघडत असाल तर मोबाईल डेटा चालू राहू द्या. राउटरला नेट नाहीये बघून फोन हळूच डेटावर उडी मारतो आणि तो पत्ता टॉवरकडे शोधत बसतो, आणि १९२.१६८ हे पत्ते घराच्या उंबऱ्याआतलेच असल्यामुळे बाहेर तो कुणालाच सापडत नाही. कितीतरी घरांत १९२.१६८.१.१ असतो, जसा प्रत्येक गल्लीत एक बंड्या असतो.

पान उघडलंच तर पासवर्ड. ॲडमिन, ॲडमिन. नाही? ॲडमिन, पासवर्ड. नाही? तर मग तो राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर छापलेला आहे, आणि राउटर आपण डबल टेपने भिंतीला चिकटवलेला आहे, पोट भिंतीकडे करून. मी तो उचकटला तेव्हा स्टिकर भिंतीवर राहिला आणि भिंतीचा रंग राउटरवर आला. बायकोने दोन्हीकडे बघितलं आणि काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

मग माणूस करतो तेच मी केलं. रिसेट. मागे एक बारीक भोक असतं, त्यात सेफ्टी पिन घालून दहा सेकंद दाबायचं, सगळे लाईट एकदम लागतात, एकदम विझतात, फार समाधान मिळतं. आणि त्याबरोबर केबलवाल्याच्या मुलाने तीन वर्षांपूर्वी आत भरून ठेवलेलं पीपीपीओईचं, म्हणजे त्यांच्या नेटमध्ये शिरायचं युजरनेम आणि पासवर्डही जातं, जे त्याने आपल्याला कधी सांगितलेलं नसतं आणि आपण कधी विचारलेलं नसतं. म्हणजे आधी एक रोग होता, आता दोन. फोन केला तर मालक म्हणाले, "कशाला हात लावता साहेब तुम्ही? उद्या पोरगा पाठवतो." मी म्हटलं आजच्या रात्रीपुरती वायर थेट लॅपटॉपला लावतो. तर म्हणे नाही चालायचं, तुमच्या राउटरचा मॅक, म्हणजे कारखान्यातूनच आलेला नंबर, बांधलाय आमच्याकडे. मला वाटलं काहीतरी कर्मकांड असेल. असतं तसंच.

ज्यांना एवढ्यावर भागत नाही त्यांनी माळ्यावरचा जुना राउटर काढून आतल्या खोलीत लावावा. ह्याच्या लॅनमधून त्याच्या लॅनमध्ये वायर, काही न बदलता, जसा आहे तसा. आता घरात पत्ते वाटणारे दोन, दोघेही स्वतःला १९२.१६८.१.१ म्हणवणारे, एकच सातबारा दोन तलाठ्यांनी दोन नावांवर केल्यासारखं. टीव्हीला एकाने जो नंबर दिला तोच दुसऱ्याने प्रिंटरला दिला. कधी चालतं कधी नाही, आणि "कधी चालतं कधी नाही" यासारखा छळ नाही, पूर्ण बंद परवडलं. धाकट्याचा पत्ता बदलून त्याचं डीएचसीपी, म्हणजे ते पत्ते वाटायचं खातं, बंद केलं की तो गपगुमान स्विचसारखा, म्हणजे नुसत्या वायरी एकमेकींना जोडणाऱ्या डब्यासारखा राबतो, पण त्यासाठी त्याच्या पानात शिरावं लागतं आणि त्याचा स्टिकर तर कधीच गेला. शिवाय एखादी सुटी वायर दिसली म्हणून तिची दोन्ही टोकं एकाच राउटरच्या दोन भोकांत घालून ठेवा, घर नीटनेटकं दिसतं. एकच निरोप त्या गोल रस्त्यावर गरगरत राहतो आणि साध्या राउटरचा तिथेच श्वास कोंडतो. हे आमच्याकडे झाडूपोछावाल्या मावशींनी केलं होतं, मनापासून, लोंबणारी वायर बघवली नाही म्हणून.

पावसाळ्याचं वेगळं सांगत नाही, गच्चीवरून ह्या बिल्डिंगमधून त्या बिल्डिंगमध्ये गेलेल्या वायरी आणि जूनमधली वीज, राउटर जिवंत आणि फक्त वॅनचं भोक जळालेलं, ज्यांचं झालंय त्यांना माहितीये.

आता माझा शेवटचा पराक्रम, कारण तो अजून चालू आहे. प्लॅन २०० एमबीपीएसचा, वायरने स्पीड टेस्ट केली की ९४. सकाळी ९४, रात्री ९४, रविवारी पहाटे ९४. वर्षभर मी केबलवाल्याला शिव्या दिल्या. खरं तर आकडा असा खिळा ठोकल्यासारखा ९४-९५ वर थांबतो तेव्हा तो बोलत असतो, की मधे कुठेतरी दुवा १०० चा जुळलाय, पाच-सहा पाकिटावरच्या पत्त्यांत जातात, उरले ते तुमचे. वायरीत आठ तारा असतात, चार जोड्या. १०० ला दोन जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. म्हणजे १०० ला न लागणाऱ्या जोड्यांतली एक तार जरी तुटली तरी नेट बहुतेक वेळा बंद पडत नाही, नुसतं मुकाट १०० वर येतं, आणि आपण मुकाट २०० चे पैसे भरतो.

तर मी वायरीवर प्लग दाबून बसवायची क्रिंपिंगची पक्कड आणली, टेस्टर आणला, व्हिडिओ बघितला. तारांचा क्रम पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पहिल्यांदा मी जोडीला जोडी लावून सरळ ओळीत बसवलं, कारण हिरव्या जोडप्याला फाकवून मधे निळं जोडपं बसवायचं हे मनाला पटलं नाही. टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागतील हो असं केलं तरी, दोन्ही टोकांना तीच चूक केली की त्याला काय कळतंय, तो फक्त तार पोचली का बघतो, कुणाला कुणाशी पीळ दिलाय ते नाही बघत. सहा प्लग वाया गेले. सातवा जमला.

पण वरून येणाऱ्या वायरीचा प्लग कापताना लक्षात आलं की माझ्या जुन्या प्लगमध्ये आठ नव्हत्याच. चारच तारा होत्या, नारंगी आणि हिरव्या. निळ्या आणि तपकिरी गेल्या कुठे म्हणून वायर धरत धरत माळ्यापर्यंत गेलो, तर तिथे पितळी डब्यांच्या मागे वायरीचं पोट फाडलेलं, निळी-तपकिरी बाहेर काढून दुसऱ्या एका वायरीला पीळ मारलेला, वरून काळी टेप, आणि ती दुसरी वायर भिंतीच्या भोकातून पलीकडे. एका वायरीत दोन कनेक्शन! केबलवाल्याच्या पोराने वायर वाचवली होती. मला आधी राग आला, मग थोडं कौतुकही वाटलं, आणि मग मी टेप सोडली, माझ्या निळ्या-तपकिरी घरी आणल्या, आठही तारा बसवल्या, टक्क आवाज आला, टेस्ट लावली.

९४. वर गच्चीतल्या डब्यातला स्विचच १०० चा निघाला.

तेवढ्यात बेल वाजली. शेजारचे काका, गळ्यात टॉवेल, हातात मोबाईल. "अरे, तुझं नेट चालू आहे का रे? माझं आत्ता जेवताना एकदम गेलं. मॅच चालू होती."

मी माळ्याकडे न बघता म्हटलं, "काका, राउटर एकदा बंद करून चालू करून बघा. दहापर्यंत मोजा."