जॉन मॅकॉरमॅकच्या तबकडीबद्दलच्या एक-स्टार अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. आयरिश गायक मॅकॉरमॅकच्या ‘मकुश्ला’ या गाण्याची १९११ची व्हिक्टर कंपनीची तबकडी आमच्याकडून घेऊन तुम्ही लिहिलंत, की खरखरीत गाणं बुडतं, स्वर चढलेला लागतो, वाद्यवृंद डब्यात कोंडल्यासारखा वाटतो आणि एक बाजू चक्क कोरी आहे, म्हणजे माल बनावट. तबकडी अस्सल आहे.

कोऱ्या बाजूचं आधी. व्हिक्टरच्या रेड सील, म्हणजे नामवंत कलाकारांच्या खास मालिकेतल्या तबकड्या १९२३पर्यंत एकाच बाजूला मुद्रित होत. विक्रीच्या वर्णनात ‘एकबाजू’ असं लिहिलेलंच आहे.

खरखरीचं मूळ पिनमध्ये आहे. तुमच्या फोटोतल्या प्लेअरला एलपीची पिन आहे. तिचं टोक ०.७ ते १ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). तुमच्या तबकडीसारख्या ७८च्या (मिनिटाला सुमारे ७८ फेऱ्यांच्या) तबकडीच्या रुंद खाचेला ३ मिलचं लागतं. बारीक पिन खाचेच्या तळाशी धूळ आणि झीज यांवरून घासत जाते, गाणं मात्र भिंतींवर कोरलेलं असतं. तुमच्या कार्ट्रिजला (पिन बसते त्या भागाला) ७८ची पिन मिळते का ते पाहा, पिनेचं तबकडीवरचं वजन ३ ते ५ ग्रॅम ठेवा आणि आउटपुट मोनो करा. थोडी सळसळ तरीही राहील, कारण ही तबकडी लाखेची आहे आणि त्या लाखेत दगडाची भुकटी मिसळलेली असते.

स्वर चढतो तो वेगामुळे. त्या काळचं व्हिक्टरचं बरंचसं मुद्रण मिनिटाला ७६ फेऱ्यांच्या आसपास आहे. ७८वर लावलं की पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या जवळपास निम्म्याने स्वर वर जातो, गळाही पातळ होतो. पिच कंट्रोल तीन टक्के खाली घ्या. मॅकॉरमॅकचे शब्दोच्चार किती स्वच्छ आहेत ते मग कळेल. आयरिश गाणी त्याच्याकडून ऐकायची ती त्यासाठीच!

वाद्यवृंदाचं मात्र काही करता येणार नाही. व्हिक्टरच्या मुद्रणात १९२५च्या आधी मायक्रोफोन नव्हता. गायक आणि वादक एका कर्ण्यासमोर दाटीवाटीने उभे राहत. खर्ज आणि वरचा झगमगाट त्या कर्ण्यात शिरलाच नाही. तुम्ही इंटरनेटवर एखादी प्रत ऐकली असेल, तर ती बहुधा संगणकावर साफ केलेली आहे. तिच्याशी तुलना करू नये.

एका गोष्टीची काळजी वाटते. फोटोत पांढुरके चट्टे दिसतात, पाठवण्याआधीच्या आमच्या फोटोंत ते नाहीत. स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावलं असेल तर कृपया थांबा, त्यात लाख विरघळते. तबकडी धुवायची तर डिस्टिल्ड पाण्यात दोन-तीन थेंब बेबी शाम्पू, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने, लेबल कोरडं. साध्या पाण्याने धुऊन सावलीत उभी वाळवा.

३ मिल पिनने, ७६वर केलेलं आमचं चाचणी-मुद्रण तुम्हाला ईमेलने पाठवत आहोत. तुमच्याकडेही तसंच वाजवून पाहा. तरी पटलं नाही तर तबकडी परत घेऊ, पैसे पूर्ण देऊ. पाठवताना दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये बांधा आणि खोक्यात सगळीकडून दोन इंच भरण ठेवा. नुसत्या पाकिटात लाख हमखास तडकते.