कधी संपणार आहे ही निवडणूक?

परवा रात्री साडेदहा वाजता आई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. हातात फोन, चेहरा उतरलेला. "तुला सांगणार नव्हते गं, पण दोन रात्री डोळ्याला डोळा नाही," म्हणाली. फोनवर मेसेज होता. वर ठळक अक्षरांत 'शेवटची सूचना'. खाली 'तुमची नोंद अपूर्ण आहे, आज मध्यरात्रीपर्यंत उत्तर द्या.' आई मिरजेहून अमेरिकेत आमच्याकडे आलीय, सहा महिन्यांसाठी. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलंय तिने. इंग्रजी व्यवस्थित वाचते, आणि वाचता येतं म्हणूनच घाबरली. तिला वाटलं सरकारी नोटीस आहे, व्हिसाच्या कागदात काहीतरी चुकलंय, आता आपल्यापायी लेक-जावई अडचणीत येणार. दोन दिवस हे पोटात घेऊन ती आम्हाला पोळ्या करून वाढत होती.

तो मेसेज एका उमेदवाराच्या प्रचाराचा होता. पंधरा डॉलरची देणगी हवी होती त्यांना.

पंधरा डॉलरसाठी चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईची झोप उडवली! कुठल्या पक्षाचा ते सांगत नाही, कारण त्याने काही फरक पडत नाही. दोन्हीकडून अस्सेच येतात. तो नंबर मी ब्लॉक केला, सकाळी दुसऱ्या नंबरवरून तोच मजकूर हजर. दुकानदाराने असं घाबरवून पैसे काढले तर आपण त्याला फसवणूक म्हणतो. जाहिरातीचे फोन नकोत म्हणून नाव नोंदवायची सरकारी यादी आहे, पण राजकीय प्रचाराला ती लागू नाही. कायदे करणाऱ्यांनी स्वतःला त्यातून वगळून घेतलंय.

आम्ही राहतो मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळच्या कँटनला. हे राज्य एकदा इकडे, एकदा तिकडे झुकतं. २०१६ मध्ये ट्रम्प इथे १०,७०४ मतांनी जिंकले, २०२० मध्ये बायडन, २०२४ मध्ये परत ट्रम्प. त्यामुळे अख्ख्या देशाचा पैसा आमच्या टपालपेटीत, टीव्हीवर आणि फोनमध्ये येऊन कोसळतो. यंदा तर गव्हर्नरचीही जागा मोकळी आणि सिनेटचीही. ४ ऑगस्टला पक्षांतर्गत निवडणूक, ३ नोव्हेंबरला खरी. तोवर आम्ही सोसायचं.

आणि ही यंदाची निवडणूक सुरू कधी झाली? ५ नोव्हेंबर २०२४ ला मतदान झालं. जानेवारी संपायच्या आत आमच्या एका सिनेटरने आपण पुन्हा उभं राहणार नाही असं जाहीर केलं आणि एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही बाजूंचे उमेदवार रिंगणात उतरले. मतदानाला एकोणीस महिने बाकी होते! मागच्या निवडणुकीच्या पाट्या काही अंगणांतून अजून निघाल्या नव्हत्या.

त्याच एप्रिलमध्ये डेट्रॉइट नदीपलीकडे, कॅनडात, काय झालं ते मला डोळ्यांनी दिसलं, कारण माझी ताई तिथे राहते, विंडसरला. आमच्या घरापासून पाऊण तासाचा रस्ता. (डेट्रॉइटहून कॅनडाला जायला दक्षिणेकडे जावं लागतं, हे अजूनही कुणाला पटत नाही.) कॅनडाची निवडणूक २३ मार्चला जाहीर झाली आणि २८ एप्रिलला मतदान झालं. पाच आठवडे. पाच आठवड्यांत प्रचार, वादविवाद, मतदान, सगळं उरकलं, आणि तेही ट्रम्प रोज उठून कॅनडाला एकावन्नावं राज्य म्हणत असताना, आयात शुल्काची टांगती तलवार डोक्यावर असताना. २०१५ मध्ये तिथे प्रचार ७८ दिवस चालला होता तर लोक वैतागले होते. पुढे कायदाच केला की पन्नासेक दिवसांच्या पलीकडे प्रचार लांबवायचा नाही. मेसेज ताईलाही येतात, देणग्या तिच्याकडेही मागतात. पण तिला एक तारीख माहीत असते जिच्यानंतर श्वास घेता येतो. आम्हाला ती तारीखच नाही. आमच्या संसदेच्या प्रतिनिधीगृहाची मुदत दोन वर्षांची. निवडून आलेला माणूस शपथ घेतो आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या निवडणुकीसाठी पैसे मागायला बसतो. मग काम कधी करायचं त्याने?

"अमेरिका मोठी आहे, इतक्या झटपट नाही होत," असं ऐकवतात लोक. मोठी? भारतात २०२४ मध्ये सुमारे ९७ कोटी मतदार होते. १६ मार्चला तारखा जाहीर झाल्या, आचारसंहिता लागली, सात टप्पे झाले आणि ४ जूनला निकाल लागला. मतदानाआधी ४८ तास प्रचाराच्या तोफा थंडावतात म्हणजे थंडावतात. भारतातल्या निवडणुकांत दोष नाहीत असं मी म्हणत नाही, सांगलीत वाढलेल्या माणसाला ते सांगायला नको. पण शेवटचा दिवस ठरवून द्यायला देश लहान लागतो हे मला कुणी शिकवू नये.

खरं कारण पैसा आहे. कॅनडात कंपनीला किंवा कामगार संघटनेला केंद्रीय पक्षाला एक डॉलरही देता येत नाही. माणसाने द्यायचे, आणि तेही वर्षाला एका पक्षाला १,७५० डॉलरपर्यंत, ही २०२५ ची मर्यादा. इकडे २०२४ मध्ये एकट्या एलॉन मस्क यांनी २५ कोटी डॉलरहून जास्त ओतले. कायदेशीरपणे! प्रश्न दोन्ही देशांच्या सर्वोच्च न्यायालयांपुढे आलेला. निवडणुकीत पक्ष आणि उमेदवार सोडून इतर गटांच्या खर्चाला मर्यादा घालावी का? कॅनडाच्या न्यायालयाने २००४ मध्ये म्हटलं, घालता येईल, नाहीतर ज्याच्याकडे पैसा त्याचाच आवाज ऐकू येईल. त्या खटल्यात मर्यादेच्या विरोधात लढणारे होते स्टीफन हार्पर. ते हरले, पुढे पंतप्रधान झाले, आणि कायदा टिकला. अमेरिकेच्या न्यायालयाने २०१० मध्ये 'सिटिझन्स युनायटेड'च्या निकालात उलट सांगितलं: पैसा खर्च करणं म्हणजे बोलणं, आणि बोलण्यावर बंधन नको. आता बोलतायत. माझ्या आईशी बोलतायत, रात्री साडेदहाला.

मतपत्रिकेचं सांगते. ताईची मतपत्रिका हाताच्या पंजाएवढी. त्यावर एकाच जागेसाठीचे उमेदवार, समोर गोल, हातात पेन्सिल, एक फुली. मतं हाताने मोजतात, पक्षांचे प्रतिनिधी समोर बसलेले असतात. कामावरच्या माणसाला मतदानासाठी सलग तीन तास मिळालेच पाहिजेत असा कायदा आहे. प्रांताची निवडणूक वेगळी, गावाची वेगळी. न्यायाधीश निवडून द्यायचे नसतात.

आणि माझी? २०२४ ला मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती पसरून बसले होते. राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, प्रतिनिधीगृह, राज्याचं प्रतिनिधीगृह. ठीक. मग राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. मग राज्य शिक्षण मंडळ. मग तीन विद्यापीठांची नियामक मंडळं, प्रत्येकासाठी दोन-दोन नावं निवडायची. मग शेरीफ, काउंटी क्लार्क, खजिनदार, जिल्हा पातळीवरचे न्यायाधीश, टाउनशिपची माणसं, शाळेचं मंडळ. मिशिगनमधल्या बहुतेक काउंट्यांत पाण्याचा निचरा आणि गटारं बघणारा कमिशनरही मतदानाने निवडतात. कुठला न्यायाधीश चांगला हे मी कशावरून ठरवायचं? दीड तास मी नावं शोधत होते. अर्ध्या नावांबद्दल त्यांनी स्वतःच छापलेल्या पत्रकापलीकडे काही सापडलं नाही. याला लोकांच्या हाती सत्ता म्हणतात. लोकांना इतक्या बारीकसारीक गोष्टींत गुंतवून ठेवायचं की मुख्य गोष्टीत कुणाची मान धरायची तेच कळू नये, असं मला ते दिसतं.

खरी आग तिथेच आहे. कुणाला धरायचं?

गेल्या वर्षी १ ऑक्टोबरला, खर्चाला संसदेची मंजुरी मिळाली नाही म्हणून, सरकार बंद पडलं. १२ नोव्हेंबरपर्यंत बंद. ४३ दिवस. आमच्या शेजारची बाई विमानतळावर तपासणीच्या कामाला आहे. घरी दोन मुलं. रोज पहाटे चारला तिची गाडी निघायची आणि पगार शून्य. मी भात-आमटीचा डबा घेऊन गेले तर घेईना, दारातच रडली. सुट्टीवर पाठवलेल्यांना निदान घरी तरी बसता येत होतं, हिला बिनपगारी राबणं भाग होतं. विमानं नियंत्रित करणारेही बिनपगारी, शेवटी ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं कमी करावी लागली. सुमारे सव्वाचार कोटी लोकांची अन्नासाठीची सरकारी मदत नोव्हेंबरात लटकली. आणि या सगळ्यात ज्यांनी हे घडवलं त्या खासदारांचा पगार चालू! वर्षाला १,७४,००० डॉलर, एक दिवस खंड नाही.

दोष कुणाचा? राष्ट्राध्यक्ष म्हणतात विरोधकांचा. विरोधक म्हणतात सत्ताधाऱ्यांचा. प्रतिनिधीगृह म्हणतं आम्ही आमचं मंजूर केलं, सिनेट म्हणतं शंभरातली साठ मतं लागतात, ती कुठून आणू. हे सरकार बंद पडणं राज्यघटनेतही लिहिलेलं नाही. १९८० मध्ये ॲटर्नी जनरल सिव्हिलेटी यांनी कायद्याचा तसा अर्थ लावला, तेव्हापासून ही प्रथा पडली. त्याआधी पैशाची मंजुरी लांबली तरी कार्यालयं चालू राहायची.

अमेरिकेतलं बंद संपल्यावर पाचच दिवसांनी, १७ नोव्हेंबरला, कॅनडात कार्नी सरकारच्या अर्थसंकल्पावर मतदान झालं. अल्पमतातलं सरकार. १७० विरुद्ध १६८. दोन मतांनी वाचलं. हरलं असतं तर? सरकार गेलं असतं आणि लोकांपुढे जावं लागलं असतं. १९७९ च्या डिसेंबरमध्ये जो क्लार्क यांचं सरकार असंच अर्थसंकल्पावर पडलं, फेब्रुवारीत मतदान झालं आणि ते घरी गेले. मधल्या काळात विमानतळावरच्या कुणा बाईचा पगार थांबत नाही. घरी राज्यकर्त्याने जायचं असतं, शिपायाने नाही. आपल्याला यात नवीन काय आहे? १९९९ मध्ये वाजपेयींचं सरकार एका मताने पडलेलं मी हॉस्टेलच्या टीव्हीवर बघितलंय. राज्य करता येत नसेल तर उठा खुर्चीवरून, एवढी साधी गोष्ट.

गेल्या महिन्यात एका घरी जेवणाला हे बोलले तर तिथल्या एका गृहस्थांनी घास खाली न ठेवता सांगितलं, "एवढं आवडतं तर पूल ओलांडून जा की तिकडे." का जाऊ? एकवीस वर्षं इथे कर भरतेय, नागरिकत्वाची शपथ घेतलीय, मुलं इथे शाळेत जातात. घराला गळती लागली असं म्हटलं की घर सोडा हे काय उत्तर झालं? मला कॅनडा देवघरात ठेवायचा नाहीये. तिथलं सिनेट नेमलेलं असतं, पंचाहत्तरीपर्यंत हलत नाही. २०२१ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला मतं जास्त आणि लिबरल पक्षाला जागा जास्त. ही मतपद्धत बदलू म्हणून ट्रुडो यांनी २०१५ मध्ये वचन दिलं आणि २०१७ मध्ये सरळ मोडलं. २०२५ च्या सुरुवातीला, शेजारी धमक्या देत असताना, अकरा आठवडे संसद स्थगित ठेवली. ताईसुद्धा तेव्हा चिडली होती.

पण त्याच ताईच्या मतदारसंघात, विंडसर–टेकम्से–लेकशोरमध्ये, गेल्या वर्षी फेरमोजणीनंतर फरक निघाला ४ मतांचा. चार! आधीचा खासदार हरला. आणि इकडे, त्याच नदीच्या या काठाला, २०२० मध्ये मिशिगनमधला फरक दीड लाखाहून जास्त मतांचा, तरी डेट्रॉइटच्या मोजणी केंद्राच्या काचांवर माणसं मुठी आपटत होती, मोजणी थांबवा म्हणून ओरडत होती. आत टेबलांवर साधी कर्मचारी माणसं बसलेली, कुणाची तरी आई, कुणाची तरी आजी. मध्ये एवढी छोटी नदी आहे. पलीकडची माणसं काही वेगळ्या मातीची नाहीत, तीच हॉकी बघतात, त्याच गाड्यांच्या कारखान्यांत काम करतात. नियम वेगळे आहेत.

आणि नियम बदलता येतात हे आम्हीच दाखवलंय, म्हणून जास्त चीड येते. मतदारसंघांच्या सीमा पुढाऱ्यांनी आखू नयेत यासाठी २०१८ मध्ये मिशिगनच्या लोकांनी मतदान करून तेरा सामान्य नागरिकांचा आयोग आणला. कॅनडात हे काम १९६४ पासून स्वतंत्र आयोगांकडे आहे. आम्हाला ते जमलं. आणि बाकी देशात काय चाललंय? टेक्सासने २०२५ मध्ये जनगणनेची वाट न बघता तिथल्या सत्ताधारी पक्षाच्या पाच जागा वाढवायला मतदारसंघांचा नकाशा परत आखला, लगेच कॅलिफोर्नियाने नोव्हेंबरात मतदान घेऊन आपला आखला. मतदाराने पुढारी निवडायचा की पुढाऱ्याने मतदार?

आईचा फोन मी आता बंद करून ड्रॉवरमध्ये ठेवलाय. मिरजेला मावशीशी बोलायचं तर ती माझा फोन मागते, आणि मागताना दर वेळी विचारते, "काही आलं नाही ना गं?" तिचं परतीचं तिकीट सप्टेंबरचं आहे. मतदान ३ नोव्हेंबरला. काल संध्याकाळी टपालपेटीत सात पत्रकं होती. त्यातल्या एकावर, आईला दिसायच्या आत मी उचललं ते, लाल अक्षरांत छापलं होतं: 'शेवटची सूचना'.