विरोध नाही हो, फक्त पार्किंगचं बघा!

"आमचा कुठल्याच धर्माला विरोध नाही, पण..."

या 'पण'चा मला वीट आलाय. पण रहदारी, पण आवाज, पण सांडपाणी, आणि सगळ्यात लाडकं, पण पार्किंग! अल्पसंख्याकांनी प्रार्थनास्थळासाठी अर्ज टाकायचा अवकाश, आजूबाजूचा प्रत्येक माणूस रातोरात नगररचनाकार होतो. ज्याने जन्मात इमारतीचा नकाशा पाहिला नाही, तोही वळणाची त्रिज्या सांगायला लागतो.

परवा ओळखीच्या एका गृहस्थांशी फोनवर याच्यावरूनच वाजलं. शिकलेला, वाचणारा माणूस. म्हणाले, "अहो, प्रश्न खरंच पार्किंगचा असतो. तुम्ही उगाच धर्म मध्ये आणता."

बरं. मग पार्किंगचंच बोलू.

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या बर्नार्ड्स टाउनशिपमध्ये मशिदीसाठी अर्ज आला. साडेतीन वर्षं आणि 39 सुनावण्या. एकोणचाळीस! चर्चला तिथे तीन माणसांमागे एक गाडी असा हिशेब होता. मशिदीत येणार दीडशे जण, म्हणजे 50 गाड्यांची जागा झाली. नियोजन मंडळाने मागितली 107 गाड्यांची. नियमात 'चर्च' लिहिलंय, मशीद कुठे लिहिलीय, असा युक्तिवाद! एवढं करून 2015 मध्ये अर्ज फेटाळलाच. प्रकरण न्यायालयात गेलं, पार्किंगचा हा दुहेरी हिशेब न्यायाधीशांनी बेकायदा ठरवला, आणि 2017 मध्ये टाउनशिपने साडेबत्तीस लाख डॉलर मोजून तडजोड केली. एवढ्या पैशात किती गाड्या उभ्या राहिल्या असत्या, ते त्या मंडळालाच विचारा.

आणि हे फक्त मशिदीचं रडगाणं नाही. जिथे जो थोडा, तिथे त्याच्या मानगुटीवर हेच भूत. इस्लामाबादेत हिंदूंना मंदिरासाठी जागा मिळाली, 2020 मध्ये भिंत उभी राहायला लागली आणि काम थांबवलं. कारण? नकाशा मंजूर नाही! इंडोनेशियात 2006 च्या नियमाप्रमाणे प्रार्थनास्थळ बांधायचं तर स्वतःचे 90 भाविक दाखवायचे, शिवाय परिसरातल्या 60 जणांचा पाठिंबा आणायचा. म्हणजे देवाला हाक मारायची, तर आधी शेजाऱ्यांच्या सह्या गोळा करा. बोगोरच्या एका चर्चकडे तर रीतसर परवाना होता. 2008 मध्ये तो गोठवला. सर्वोच्च न्यायालयाने चर्चच्या बाजूने निकाल दिला, तरी शहर प्रशासन ढिम्म. ती माणसं वर्षानुवर्षं जाकार्तात राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यासमोर उघड्यावर उपासना करत होती. चर्च मिळालं 2023 मध्ये, तेही दुसऱ्याच जागेवर. यात पार्किंग नेमकं कुठे आलं, काका?

स्वित्झर्लंडने निदान आडवळण घेतलं नाही. 2009 मध्ये सरळ मतदान घेतलं आणि साडेसत्तावन्न टक्के मतांनी मिनार बांधायला बंदी घातली. तेव्हा अख्ख्या देशात मिनार किती होते? चार.

"मग घरात करावी ना प्रार्थना, गाजावाजा कशाला?" हा गृहस्थांचा पुढचा मुद्दा. अहो, हेही करून झालंय माणसाचं! अ‍ॅमस्टरडॅममध्ये सतराव्या शतकात कॅथलिकांना उघड उपासनेला बंदी होती, म्हणून एका व्यापाऱ्याने आपल्या घराच्या माळ्यावर चर्च केलं. 1663 सालचं. बाहेरून कालव्याकाठचं साधं घर, वर गेलं की वेदी. कारभाऱ्यांना ठाऊक होतं, पण दिसत नाही ना, मग चालू द्या! 1781 मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटाने प्रोटेस्टंटांना मोठ्या मनाने परवानगी दिली, तीही कशी? मनोरा नको, घंटा नको, आणि रस्त्याकडे दारसुद्धा नको. दार! माणसं आत जाताना दिसली तर कुणाच्या पोटात दुखणार होतं?

रहदारीचा प्रश्न कधीच खरा नसतो, असं मी म्हणत नाही. असतो. नियम लावा, कडक लावा, भोंग्याचा आवाजही मोजा. पण पट्टी एकच ठेवा. थिएटरला, मंगल कार्यालयाला, तुमच्या देवाच्या घराला आणि त्यांच्याही. 1981 च्या संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यात उपासनेसाठी जागा उभारणं आणि चालवणं हा हक्क म्हणून लिहिलाय. हक्क. आपण खूश झालो तर टाकायची भीक नव्हे.

शेवटी मी त्यांना एवढंच विचारलं, "तुम्ही जिथे जाता, त्या प्रार्थनास्थळाच्या वेळी किती सुनावण्या झाल्या होत्या? पार्किंगचा आराखडा कुणी मागितला होता?"

क्षणभर पलीकडून काहीच नाही. मग म्हणाले, "ते तर पूर्वीपासूनच आहे." आणि फोन ठेवून दिला.