ॲक्शन मालिकांतील कमांडो आणि २६/११च्या कारवाईवरील आक्षेप

एक दावा बराच काळ मोठ्या विश्वासाने पुढे पाठवला जातो आहे. तो असा की, आताच्या ॲक्शन मालिकांना माजी कमांडो सल्ला देत असल्यामुळे त्यांतील लष्करी डावपेच खरे असतात. चार-सहा जणांची कुशल तुकडी कोणतीही इमारत तासाभरात मोकळी करू शकते. आणि म्हणून ताजमहाल हॉटेलात तीन दिवस लागले ही आपल्या कमांडोंची नामुष्की होती. यातले पहिले विधान काही अंशी खरे असल्यामुळेच शेवटचे विधान लोकांना पटते, आणि ते अत्यंत अन्यायकारक आहे.

सल्लागारांचा मुद्दा आधी घेऊ. २००६ ते २००९ या काळातील ‘द युनिट’ या अमेरिकी मालिकेमागे एरिक हॅनी हे अमेरिकी लष्कराच्या डेल्टा फोर्स या कमांडो तुकडीचे माजी सैनिक होते. शस्त्र धरण्याची पद्धत, ट्रिगरपासून दूर ठेवलेले बोट, खोलीत शिरताना प्रत्येकाने सांभाळलेला आपापला कोपरा, हे सारे अशा माणसांमुळेच पडद्यावर नेमके उतरते आणि त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. मात्र सल्लागार हालचाली शिकवतो. कोणत्या प्रसंगाला किती वेळ द्यायचा हे पटकथा आणि संकलन ठरवते. मे २०११मध्ये अबोटाबादला लादेनच्या घरावर झालेली कारवाई सुमारे चाळीस मिनिटांत संपली, पण तिच्याआधी त्या घरावर कित्येक महिने पाळत होती आणि त्याची प्रतिकृती उभारून सराव झाला होता. मालिकेत एवढ्या तयारीच्या वाट्याला नकाशाभोवतीचे एखादे दृश्य येते.

शस्त्रांच्या बाबतीतली अतिशयोक्ती थोडक्यात सांगता येते. सायलेन्सर लावलेली रायफलही चांगलीच मोठा आवाज करते, कारण ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचा कडाका सायलेन्सरने थांबत नाही. मिनिटाला सुमारे सहाशे गोळ्यांच्या वेगाने झाडली तर एके-४७ची तीस गोळ्यांची मॅगझिन तीन सेकंदांत रिकामी होते. हातबॉम्ब धूर, धूळ आणि तुकडे उडवतो. पडद्यावरचा आगीचा लोळ पेट्रोलचा असतो.

वेगाचा पुरावा म्हणून १९८०मधील लंडनच्या इराणी दूतावासाचे उदाहरण नेहमी दिले जाते, कारण तिथे ब्रिटिश लष्कराच्या एसएएस या कमांडो पथकाचा प्रत्यक्ष हल्ला सतरा मिनिटांत आटोपला होता. पण त्याआधी सहा दिवस वेढा होता, वाटाघाटी चालू होत्या आणि आतले बोलणे ऐकण्यासाठी भिंतींत यंत्रे बसवली जात होती. एवढी तयारी असूनही दोरावरून उतरणारा एक सैनिक मध्येच अडकला, पेटलेल्या पडद्यांच्या आगीत भाजला, आणि हल्ल्याच्या वेळी एका ओलिसाचा जीव गेलाच.

ताजमध्ये यातले काहीच हाताशी नव्हते. पाचशेहून अधिक खोल्या, जुना राजवाड्यासारखा भाग आणि शेजारचा टॉवर, ठिकठिकाणी लावलेल्या आगी, धुराने भरलेले मार्ग आणि त्यांत जागा बदलत फिरणारे चार दहशतवादी, अशी ती इमारत होती. दार आतून लावून बसलेले पाहुणे बाहेरून कोणी हाक मारली तरी उघडायला धजावत नव्हते, आणि ते स्वाभाविकच होते, कारण हाक मारणारा कोण आहे हे त्यांना कसे कळणार? प्रत्येक दारामागे एखादे घाबरलेले कुटुंब असू शकत होते किंवा बंदूक रोखून बसलेला दहशतवादी. आधी हातबॉम्ब टाकून मग आत शिरण्याची सोय जिथे नसते, तिथे एकेक खोली तपासत जाणे हाच डावपेच असतो आणि त्याला तास नव्हे, दिवस लागतात. याच इमारतीत मेजर संदीप उन्नीकृष्णन यांनी जखमी सहकाऱ्याला बाहेर काढण्याची व्यवस्था केली, दहशतवाद्यांचा पाठलाग केला आणि प्राण गमावले. त्याच हल्ल्यात दहशतवाद्यांनी ताब्यात घेतलेल्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रात हवालदार गजेंदर सिंह बिष्ट शहीद झाले. तिथे हेलिकॉप्टरमधून गच्चीवर उतरणारे कमांडो साऱ्या जगाला वाहिन्यांवर थेट दिसत होते, आणि दहशतवाद्यांचे पाकिस्तानातील सूत्रधार तेच प्रक्षेपण पाहून फोनवर सूचना देत होते. २०१२मध्ये कसाबच्या अपिलावरील निकालात सर्वोच्च न्यायालयाने या प्रक्षेपणावर कठोर शब्दांत ताशेरे ओढले आहेत. शत्रूला आपली प्रत्येक हालचाल दिसत असताना केलेल्या कारवाईची तुलना पटकथेतल्या कारवाईशी करणे मला तरी अक्षम्य वाटते.

विलंबाचा रास्त आक्षेप वेगळा आहे, आणि तो व्यवस्थेवर आहे. या कमांडोंचे राष्ट्रीय सुरक्षा दल (एनएसजी) तेव्हा हरियाणातील मानेसर येथेच तैनात असे. हल्ला २६ नोव्हेंबरच्या रात्री सुरू झाला. दिल्लीहून विमानाने आलेले कमांडो दुसऱ्या दिवशी पहाटे मुंबईत उतरले आणि मग बसने दक्षिण मुंबईत पोहोचले. जाब मागायचा तर तो या हातच्या गेलेल्या तासांचा मागावा. त्याची दखल सरकारनेही घेतली, आणि २००९मध्ये मुंबई, चेन्नई, हैदराबाद व कोलकाता येथे दलाची प्रादेशिक केंद्रे सुरू झाली.