फंक्शनचा संसार

सोसायटीच्या मिटिंगला मी एकदाच तोंड उघडलं, 'मेंटेनन्सची बिलं पायथनमध्ये, म्हणजे कोड लिहून, करून देतो की', आणि तिथून जे सुरू झालं ते अजून चालूच आहे. पहिलं फंक्शन, म्हणजे एक काम करणारा कोडचा तुकडा, सात ओळींचं होतं. फ्लॅट नंबर द्या, रक्कम घ्या, विषय संपला.

मग सेक्रेटरी काका म्हणाले, पार्किंग धर. धरलं. मोठ्या दुरुस्तीसाठीचा सिंकिंग फंड धर. भाडेकरू ठेवलेत त्यांना नॉन-ऑक्युपन्सी शुल्क लाव, पण सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांवर जाऊ देऊ नको हां, आणि थकबाकीवर व्याज, सोसायटीच्या उपविधीत बसेल तेवढंच. फंक्शनच्या कंसात नऊ पॅरामीटर, म्हणजे बाहेरून द्यायच्या नऊ गोष्टी, वडापच्या जीपसारखे, दोन तर दाराला लटकलेले. एकदा पार्किंगच्या जागी थकबाकी बसली तरी पायथन हूं की चूं नाही, त्याला काय, दोन्ही आकडेच.

तरी क्लास, म्हणजे प्रत्येक फ्लॅटची माहिती आणि तिची फंक्शन्स एकत्र ठेवणारा साचा, करायचा नाही म्हणून मी शहाणपणा केला आणि थकबाकीच्या पॅरामीटरला डिफॉल्ट म्हणून, म्हणजे काहीच दिलं नाही तर घ्यायला, रिकामी लिस्ट दिली. आता ही लिस्ट पायथन फंक्शन बनवतानाच एकदा तयार करतो, दर वेळी फंक्शन चालवताना नवी नाही, सगळ्यांना तीच, हे मला माहीत होतं हो, इंटरव्ह्यूत सांगितलंय मी. पण 101 ची उधारी 102 ला, दोघांची 103 ला असं करत करत 404 च्या काकूंना अख्ख्या बिल्डिंगची थकबाकी गेली. काकूंनी आयुष्यात एक हप्ता चुकवलेला नाही. जिन्यात जे ऐकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या रात्री फ्लॅटचा क्लास केला. आतल्या फंक्शनच्या कंसात पहिला लिहायचा 'सेल्फ', म्हणजे 'हाच फ्लॅट', विसरलो, तर पायथन म्हणे एकच आर्ग्युमेंट चालतं, तू दोन दिलेस, अरे मी एकच दिलंय, दुसरा तो फ्लॅट पायथनच गुपचूप पाठवतो! पण मागच्या महिन्याची बाकी ज्याची त्याच्याकडे राहिली, आणि खरं सांगायचं तर मला तेवढंच हवं होतं. मग चेव चढला, व्याजाचा क्लास, पावतीचा क्लास, तारीख छापायचाही क्लास, आत सुरुवातीची मांडामांड करणारं एक इनिट आणि एकुलती एक मेथड, म्हणजे क्लासमधलं फंक्शन. सकाळी चहा घेताना बघितलं तर लुंगीवर कोट घातल्यासारखं दिसत होतं. व्याजाला कुठं काय लक्षात ठेवायचंय, आकडा घेतो, आकडा देतो. फ्लॅट सोडून बाकीचे कोट उतरवले.

काल काका परत आले. "क्लबहाऊसचं बुकिंगपण बसव ना यात, छोटंसंच आहे."

'डेफ', म्हणजे नवं फंक्शन सुरू करायचा शब्द, टाइप केलं आणि कर्सर लुकलुकत बसलाय.