दिवाळीच्या साफसफाईत रोलचा कॅमेरा भंगारात घालू नका

दसऱ्यापासून बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "जुने रोलचे कॅमेरे घरात ठेवू नका. कोडॅक २०१२ मध्ये बुडाली, रोल बंद झाले. सेल मिळत नाहीत. बुरशी लागलेली लेन्स म्हणजे कचरा. शिवाय लेन्समधून किरणोत्सर्ग होतो. दिवाळीच्या आत भंगारात द्या." माझ्या ओळखीच्या एका काकांनी हे वाचून कॅमेरा खरंच देऊन टाकला. म्हणून हे लिहितोय.

आधी रोलचं बघू. कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, एवढं खरं. पण अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या कारखान्यात रोल आजही तयार होतात. इंग्लंडात इलफोर्डचे होतात. बंद केलेला एक्टाक्रोम रोल कोडॅकने २०१८ मध्ये परत आणला, आणि २०२४ मध्ये पेंटॅक्सने रोलचा नवाकोरा कॅमेरा बाजारात आणला. बंद पडला तो उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा आपला 'इंदू', आणि त्याचं दुःख मलाही आहे. रोल महाग झालेत, गल्लीतल्या स्टुडिओत मिळत नाहीत, मागवावे लागतात. पण मिळतात. आपल्याकडे घरोघरी असलेल्या आगफा क्लिक थ्रीला लागणारा १२० चा रोलसुद्धा.

सेलचं म्हणाल तर क्लिक थ्रीला सेल लागतच नाही. झेनिट-ई कॅमेऱ्याचा मीटर, म्हणजे उजेड मोजणारा भाग, नुसत्या उजेडावर चालतो. पेंटॅक्स के१००० मध्ये सेल फक्त मीटरसाठी असतो, शटर त्याच्याशिवाय पडतं. लख्ख उन्हात आयएसओ १०० चा (हा आकडा रोलच्या डब्यावर असतो) रोल असेल तर लेन्सचं छिद्र एफ/१६ आणि शटर १/१२५ सेकंदावर लावा, मीटरची गरज नाही. यशिका इलेक्ट्रो ३५ या कॅमेऱ्याचं दुखणं मात्र खरं आहे. तिचा ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल बंद झालाय. पण साधा ६ व्होल्टचा सेल अडॅप्टर घालून बसवला की ती चालते. माझी चालतेय.

आता बुरशी. खानापूरकडचा पाऊस काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. जुलैत कपाटातल्या चपलांवर पांढरं येतं, तिथं लेन्स कशी सुटेल? माझ्या यशिका मॅट कॅमेऱ्याच्या लेन्सखाली टॉर्च धरला तेव्हा कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले. दुरुस्ती करणाऱ्याने भिंग उघडून पुसून दिलं. एका जागी काचेवरचं कोटिंग बुरशीने खाल्लंय, तो डाग राहिला. तरीही बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराचे खांब मी त्याच लेन्सने काढले आणि निगेटिव्ह लख्ख आली. फक्त समोरून ऊन आलं की चित्र थोडं धुरकट होतं.

खरा घात चामड्याच्या केसमध्ये होतो, कारण चामडं ओल धरून ठेवतं. कॅमेरा केसमधून काढा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दाण्यांबरोबर ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की जुन्या तव्यावर मंद आचेवर तापवा, परत निळे होतात. तवा मात्र वेगळा ठेवा, त्यावर पुन्हा भाकरी भाजायची नाही.

किरणोत्सर्गाच्या गोष्टीत थोडं तथ्य आहे, म्हणूनच ती पटते. सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४ सारख्या काही लेन्सच्या काचेत थोरियम हा किरणोत्सर्गी धातू असतो. त्या काचा पिवळट पडतात. अशी लेन्स फोडू नये, घासू नये. कपाटात ठेवल्याने किंवा फोटो काढल्याने घाबरण्यासारखं काही होत नाही. क्लिक थ्रीत तर साधं एकच भिंग आहे, थोरियमचा प्रश्नच नाही.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. कॅमेरा देताना आत रोल आहे का, हे कोणी बघत नाही. क्लिक थ्रीच्या पाठीवर छोटी लाल खिडकी असते, आत रोल असेल तर तिच्यात फ्रेमचा आकडा दिसतो. आमच्या मावशीच्या माळ्यावरच्या कॅमेऱ्यात तिथं ७ आकडा दिसत होता. मी तो उजेडात उघडला नाही, नाहीतर रोल वाया गेला असता. अंधारात रोल गुंडाळून काढला आणि घरीच डेव्हलपर-हायपो या रोल धुण्याच्या रसायनांत धुतला. बहुतेक फ्रेम काळवंडलेल्या होत्या. तिसऱ्या फ्रेममध्ये परसातल्या विहिरीपाशी कळशी घेऊन उभी असलेली आजी निघाली. तिचा तरुणपणीचा दुसरा फोटो घरात नाही.

तेव्हा आधी त्या खिडकीत डोकावून बघा. आकडा दिसला तर झाकण उघडू नका.